गुरुवारची हजेरी

आमच्या सरांनी आयुष्यात एकच गोष्ट जिवाच्या आकांतानं अडवली, ती म्हणजे पळणं. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, कारण ते शाळेत पीटीचे सर होते आणि आमच्या तेर गावातल्या कितीतरी पोरापोरींना त्यांनीच पळायला शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं. पण त्यांची आठवण निघाली की मला ते शिट्टी वाजवताना दिसत नाहीत. मला दिसतो गुरुवार, पहाट सरून नुकतं उजाडलेलं, शाळेच्या मैदानाचं फाटक, आणि फाटकात आडवी टाकलेली लोखंडी खुर्ची. खुर्चीवर सर. डोक्याला मफलर, मांडीवर हजेरीचं रजिस्टर, आणि चेहरा असा की आत शिरायची हिंमत कुत्र्यालाही होऊ नये.

गुरुवार हा सरांच्या शास्त्राप्रमाणं सुट्टीचा दिवस. रिटायर झाल्यावर त्यांनी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा वीसेक जणांना हाताशी धरलं होतं. गुरुवारी जो येणार नाही त्याच्या नावापुढं बरोबरची खूण, आणि जो फाटकापर्यंत येईल त्याच्या नावापुढं फुली. तीन फुल्या पडल्या की आणखी एक दिवस घरी बसायची शिक्षा. न येणाऱ्यांची हजेरी घेणारा दुसरा मास्तर कुणी पाहिला असेल तर मला दाखवा. आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत. म्हणायचे, "मैदानावर अंग झिजतंय. तयार होतंय ते घरी, झोपंत."

दुसरं वेड आत्याचं. पहिला महिनाभर कुणालाच जोरात पळायची परवानगी नसायची. हळू पळायचं आणि पळता पळता घरातल्या माणसांची नावं मोठ्यानं सांगायची. आजा, आजी, चुलते, चुलत्या, मामा, माम्या, आणि सगळ्यात शेवटी आत्या. सर कडेनं सायकलवर. धाप लागून नाव मधेच तुटलं की त्यांचा आवाज यायचा, "आत्या राहिली. पाय हळू कर." बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं, दम वाढतो तो त्यातनंच, जोर नंतर, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं झालं काय, तर आम्हाला एकमेकांची खानदानं पाठ झाली. बेंबळीच्या एका पोराला पाच आत्या होत्या. ते बिचारं सगळ्यात हळू पळायचं आणि आमच्यात सगळ्यात आधी भरती झालं.

सरांकडं एक जाडजूड पुस्तक होतं, शरीर कसं चालतं ह्याचं. पुठ्ठा सुटलेला, वरून नाडा बांधलेला. देवघरातल्या पोथीला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, जेवढं जपलं नसेल तेवढं सर त्या पुस्तकाला जपायचे. त्यातलं वाचून ते आम्हाला सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातच नाडी मोजायला लावायचे. रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोके जास्त पडले तर त्या दिवशी नुसतं चालायचं. ही सवय त्यांच्या स्वतःच्या बोटांत इतकी मुरली होती की कुणाचं मनगट हाती आलं की सुटायचं नाही. एका लग्नात ते नवरदेवाला शुभेच्छा द्यायला स्टेजवर चढले. हात हातात घेतला तो घेतलाच, आणि दुसऱ्या हातातल्या किल्लीच्या घड्याळाकडं बघत उभे. मागं रांग लागली. फोटोवाला वैतागला. अखेर सरांनी हात सोडला आणि नवरीला सांगितलं, "एकशे दहा हायत. पाणी पाज ह्याला आधी." काकू स्टेजखाली पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना सवय होती, पण लाजही होती.

पंगतीत तर ते जेवायला कमी आणि बघायला जास्त बसायचे. जेवण झालं की कोण कसा उठतो ह्यावर त्यांचा डोळा. हात न टेकता उठला तर मान डोलवायची. एक हात टेकला तर गप्प राहायचं. दोन्ही हात टेकून कुणी 'अगं आई' म्हणत उठला, की सर हात धुवायच्या नळावर त्याला गाठणारच. रोज सकाळी दहा वेळा खाली बसायचं आणि उठायचं, सुरुवातीला भिंतीला धरून. आमच्या सरपंचांना त्यांनी हे भर पंगतीत सुनावलं तेव्हा सरपंच म्हणाले, मास्तर, आता काय मला भरती व्हायचंय? सर म्हणाले, भरती व्हायचं न्हाय, पण संडासातनं उठायचंय ना रोज. सरपंचांनी पुढची सगळी लग्नं बुफे घेतली, अशी वदंता आहे.

पायाच्या दुखण्याच्या बाबतीत मात्र सर थट्टा करत नसत. आमच्याकडं पाय मुरगळला की गरम तेलानं चोळून घ्यायची रीत. गावात एक आजी होती, तिचा हात त्यात पटाईत. सर आणि ती आजी ह्यांचं बरीच वर्षं वाकडं होतं. शेवटी सरांनीच तिच्या ओसरीवर जाऊन तह केला: पहिले दोन दिवस सरांचे, माठातल्या पाण्याच्या पट्ट्या आणि पाय उशीवर, सूज उतरली की तिसऱ्या दिवसापासनं पाय आजीचा. आजीनंही मान्य केलं, कारण सरांनी चहा घेताना तिची नाडी मोजून तिला फार छान आहे म्हणून सांगितलं होतं.

आणि कुणी लंगडताना दिसला की सरांचा एकच प्रश्न, "कुठं दुखूलालंय, दाखव." उत्तर ते ऐकायचे नाहीत, हाताकडं बघायचे. दाखवणाऱ्यानं तळवा फिरवला, म्हणजे इथनं तिथपर्यंत सगळं दुखतंय असं केलं, तर ते कष्टाचं दुखणं, दोन दिवसांत जाईल. पण एकच बोट एकाच जागेवर ठेवलं, तर ते इजेचं. बोट दिसलं की पळणं बंद, त्यात दयामाया नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ठाऊक असणं हाच घोटाळा झाला, कारण खोटं कसं बोलायचं तेही मग ठाऊक झालं.

आता माझं सांगते. आमचं घर मेंढरांचं. चालणं जन्मापासनं, पण पळणं म्हणजे घरच्यांना खूळच वाटायचं. मेंढरामागं पळलीस तेवढं पुरं न्हाय व्हय, असं आई रोज म्हणायची. भरतीला मी दोनदा उतरले होते आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिले होते. ती तिसरी वेळ शेवटची होती. वय तेवढ्याच भरतीपुरतं बसत होतं, पुढं फॉर्मसुद्धा भरता येणार नव्हता. खाकी अंगावर घालायची तर ह्याच वर्षी, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या अंगावर बघायची. हे मला झोपेतही आठवायचं.

त्यात मी एक उद्योग केला. घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत आणायची ही आमच्या भागातली जुनी रीत. देवीच्या दारी पेटवलेली मशाल हातात घेऊन, अनवाणी पळत, आळीपाळीनं गावापर्यंत आणायची. मागं टेम्पो, त्यात बाकीचे. आमच्या गावात हे काम पोरांचं. त्या वर्षी मी चौकात सगळ्यांदेखत बोलून बसले की औंदा ज्योत पोरी आणणार. नवरात्र मंडळातला एकजण म्हणाला, धाराशिव यायच्या आत निम्म्या पोरी टेम्पोत झोपलेल्या असतील. झालं. माझं तोंड तसंही माझं ऐकत नाही. आम्ही नऊजणी तयार झालो.

सरांनी अडवलं नाही. उलट दोन महिने आधीच त्यांनी आमच्या चपला काढायला लावल्या. आधी मैदानाच्या मातीत थोडं चालणं, मग थोडं पळणं, मग डांबरावर इतकंच की हसू यावं. बुटातल्या पायाला अनवाणी पळणं हळूहळू शिकवावं लागतं, हाडालासुद्धा वेळ द्यावा लागतो, असं त्यांनी बजावलं. मला मात्र घाई. गुरुवारी सर फाटकात बसायचे, आणि मी घरी असल्याची खूण माझ्या नावापुढं करायचे. मी त्या वेळी नदीकडच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी पळत असायचे. असे सात गुरुवार. सात खोट्या खुणा.

पाचव्या गुरुवारनंतर उजव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळताना, मग पळून झाल्यावर, मग जिना चढताना. ज्योतीला तीन दिवस राहिले तेव्हा सरांनी मला पाय टाकताना पाहिलं आणि जवळ बोलावलं. कुठं दुखूलालंय, दाखव. मला जागा पक्की माहीत होती. गुडघ्याच्या खाली एक वीत, एका बोटाएवढी. मी दोन्ही नडग्यांवरनं तळवे फिरवले, वरपासून खालपर्यंत. सर माझ्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, बरं. आजही ते 'बरं' आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ज्योत आम्ही आणली. एकही पोरगी टेम्पोत झोपली नाही. वेशीपासनं देवळापर्यंतचा शेवटचा टप्पा माझा होता. हलगी, फटाके, दोन्ही बाजूंना माणसं, आणि पोरांचं मंडळ सगळ्यात पुढं टाळ्या वाजवत. मी पळाले. प्रत्येक पावलाला नडगीत सुरी फिरत होती आणि मी हसत होते. देवळात ज्योत टेकवली, ओटी भरली, बाहेर आले आणि पायरीवर बसले ती मला उठताच येईना. सर पायरीपाशीच उभे होते. टाळ्या त्यांनी वाजवल्या नव्हत्या.

"कुठं दुखूलालंय?"

मी बोट ठेवलं.

सरांनी त्या बोटाकडं पाहिलं. मग चप्पल घाल एवढंच बोलले, आणि गेले.

धाराशिवला हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. नळीच्या हाडाला केसाएवढी चीर. सहा आठवडे पळणं बंद, नाहीतर पूर्ण मोडेल. भरतीचं मैदान तीन महिन्यांवर होतं. मी बसस्टँडवर बाकड्यावर बसून ढसाढसा रडले, आणि तेरची गाडी लागली तरी उठले नाही. सगळं माझ्याच हातानं घालवलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जाऊन गुरुवारचं सगळं सांगून टाकलं. सरांनी रजिस्टर काढलं, पेन माझ्या हातात दिलं आणि त्या सात खुणांवर माझ्याकडूनच सात फुल्या मारून घेतल्या. दोन दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. सायकलच्या कॅरिअरला ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरलेली ट्यूब बांधलेली. म्हणाले, चल पळायला.

सरांच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती आणि तिला पुरुषभर पाणी. त्यांनी मला ती ट्यूब काखेत अडकवून पाण्यात सोडलं. पाय तळाला लागत नव्हते. तिथंच, उभ्यानं, मी पळायचं. हाडावर भार नाही, पण छातीला आणि मांड्यांना तितकंच काम, असं त्या नाडा बांधलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं म्हणे. जागच्या जागी पाण्यात तंगड्या मारणारी मी, काठावर घड्याळ धरून सर, आणि पायरीवर शेंगा सोलत काकू. धाप लागली की वरनं आवाज यायचा, "आत्या!" आणि विहीर तो आवाज परत द्यायची. पहिल्या आठवड्यात निम्मं गाव बघायला आलं. पोलिसात जायचंय का बेडकात, असं मंडळातल्या पोरांनी विचारून घेतलं. काकूंनी शेंगांची सालं त्यांच्या अंगावर भिरकावली आणि परत कुणी आलं नाही.

सर स्वतः पळताना आम्हाला कधी दिसले नाहीत. डावा गुडघा त्यांचा पूर्ण वाकायचा नाही, चालताना तो पाय जरा लांबूनच यायचा. आम्ही त्याची नक्कलही करायचो, पाठीमागं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. मी विचारलं, विहिरीतनं, गळ्यापर्यंत पाण्यात तरंगत. तिथं मला लाज वाटायला जागा नव्हती.

सर काठावर उकिडवे बसायला गेले, बसता आलं नाही, मग पायरीवर बसले. सांगितलं ते थोडक्यात. कॉलेजात असताना राज्याच्या संघाच्या निवडीसाठी पळायचं होतं. गुडघा महिनाभर दुखत होता. पळायला शिकवणाऱ्यानं एक इंजेक्शन टोचायला लावलं, घट्ट पट्टी बांधली, पाठ थोपटली.

"पळालो. तिसरा आलो. त्यानंतर पळालो न्हाय." आणि जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी कुणीतरी मला फाटकात अडवायला पाहिजे होतं बघ."

मला गुरुवारची ती खुर्ची तेव्हा कळली. पाय हलवायचं मी थांबवलं होतं. काकू म्हणाल्या, अहो, पोरीला वर काढा आता, ओठ काळे पडलेत तिचे.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी हो म्हटलं. सरांनी मात्र पहिल्या दिवशी एक मिनिट पळवलं आणि चार मिनिटं चालवलं. मला वाटलं, ह्या हिशोबानं मी रिटायर व्हायच्या वयात भरती होईन. पण आठवड्या-आठवड्यानं मिनिटं वाढत गेली आणि दम कुठंच गेलेला नव्हता. विहिरीनं तो सांभाळून ठेवला होता. गुरुवारी मी घरी असायचे. आई खात्री करायला उशाशी बसायची, तिला सरांनी तसं काम लावून दिलं होतं.

भरतीच्या दिवशी सर एसटीनं धाराशिवला आले. आत सोडत नव्हते, म्हणून कंपाउंडच्या जाळीला धरून उभे. पोरींना दोन राउंड पळायचे होते. मला त्यांनी आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "पहिला राउंड आत्याचं नाव घेता येईल असा पळ. दुसऱ्यात आत्याला विसर."

पहिल्या राउंडला माझ्यापुढं सातजणी होत्या. तरी मी मनात मामा-माम्या मोजत राहिले. दुसऱ्या राउंडच्या वळणावर एकेक जण दमायला लागली आणि मी आत्याला विसरले. माझी आत्या फार चांगली बाई आहे, पण त्या मिनिटाला मला तिचं तोंडही आठवत नव्हतं. मी दुसरी आले. वेळ मोजणाऱ्या बाईंनी आकडा सांगितला तेव्हा मला कळलं की आता कुणी मला मागं ढकलू शकत नाही.

जाळीपाशी गेले. सरांनी वेळ विचारली नाही. कुठं दुखूलालंय, दाखव, म्हणाले. मी खाली वाकले आणि दोन्ही पायांवरनं तळवे फिरवले, मांडीपासनं घोट्यापर्यंत, खरेखुरे. सगळीकडं दुखतंय सर, दोन्हीकडं सारखं. सर हसले. जाळीतनं बोटं घालून त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ काढलं.

ह्याला आता काही वर्षं झाली. मी धाराशिवलाच नोकरीला आहे. मागच्या वर्षी सरांचा गुडघा बदलला. सोलापूरला ऑपरेशन झालं, छान झालं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना रोज किती चालायचं, किती वाकवायचं आणि किती वेळ पाय वर ठेवून पडायचं हे कागदावर लिहून दिलं. सरांनी कागद पुस्तकात ठेवला, नाडा बांधला आणि तिसऱ्या आठवड्यात वॉकर घेऊन थेट मैदानापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेले. इतक्या वर्षांनी पाय सरळ पडतोय म्हटल्यावर पोरापेक्षा वाईट झालंय त्यांचं, असं सांगत काकूंनी मला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असंच चाललं तर परत टेबलावर घ्यावं लागेल.

माझी सुट्टी गुरुवारी होती. उजाडायला मी त्यांच्या घरी पोचले. सर दारात, बूट घालून, मफलर बांधून तयार. मी ओसरीतली ती लोखंडी खुर्ची उचलली, उंबऱ्यात आडवी टाकली आणि तिच्यावर बसले.

"बाजूला हो. काय दुखत न्हाय मला."

"दाखवा, कुठं न्हाय दुखत."

सरांनी तळवा उचलला. गुडघ्याच्या वर आणला, फिरवायला. माझ्याकडं पाहिलं. हात तसाच थांबला, आणि मग त्यांनी हळूच एक बोट गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं.

काकू आतनं रजिस्टर घेऊन आल्या. मी शेवटच्या पानावर सरांचं नाव लिहिलं. त्या रजिस्टरात ते आजवर कधीच नव्हतं. सर वॉकर भिंतीला लावून कॉटवर बसले आणि बूट सोडायला लागले.

"खूण कर नीट," म्हणाले. "घरी हाय मी."